कायतानचा अर्धा पेला

खारेपाटण

आम्हा नाशिककडच्या माणसांना समुद्रातलं काही कळत नाही, पण द्राक्षातलं कळतं. दारूबंदी यायच्या आधी मी काही वर्षं एका बागायतदाराकडे द्राक्षाचा रस आंबवून तांबडी वाइन करण्याच्या कामावर होतो. पुढे ते काम कायद्याने बंद पडलं आणि मी साधी खायची द्राक्षं पिकवू लागलो. पण जीभ काही कायद्याने बंद पडत नाही. एक घोट घेतला की ती वाइन काळ्या मातीतली की माळावरची, नवी की मुरलेली, हे मी सांगत असे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. या फुशारकीनेच मला त्या मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्यावर नेऊन घातलं.

मुंबईच्या फळबाजारात माझी द्राक्षं संपत यायची तेव्हा सांतानचे आंबे यायचे. सांतान तारकर्लीचा, ख्रिस्ती, चाळिशीतला, कमी बोलणारा. शेजारी शेजारी माल लावता लावता ओळख झाली. एकदा माझं जिभेचं पुराण रंगात आलं असताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, आमच्या घराक एक तांबडो सोरो आसा. तो खंयचो, तां तुमका सांगूक जमाचा नाय."

सोरो म्हणजे दारू, एवढं मला कळत होतं. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला आण बाटलीतून."

"तो घरातसून भायर काढूचो नसता. तुमकाच येवचा लागतला."

म्हणून मी गेलो. एसटीच्या धुळीचं वर्णन करून वाचकांना खोकायला लावत नाही. खारेपाटणला मात्र गाडी बराच वेळ थांबली. एके काळी इथवर नदीतून मोठाली गलबतं येत, आता नदी गाळाने भरून उथळ झाली आहे. काठावर भर उन्हात एकही माणूस नव्हता, आणि चिखलात कुणाची तरी होडी बरगड्या दाखवत पडली होती. तिच्याकडे बघत सांतानने मला त्या सोऱ्याची जन्मकथा सांगितली.

त्याच्या पणजोबाने गोव्याहून शिडाच्या मचव्यात घालून एक लाकडी पिंप आणलं, घरातल्या लग्नासाठी. पिंपात पोर्तुगालची तांबडी वाइन होती. तिकडे एका नदीच्या दोन्ही अंगांना दगडी डोंगर आहेत, त्यांना पायऱ्या पाडून वेल लावतात, तिथली. लग्नात पिंप अर्धं झालं. पणजोबाला उरलेली संपवायचा धीर होईना, म्हणून त्याने घरामागच्या परड्यातल्या जांभळांचा आंबवलेला रस वरून ओतला आणि पिंप पुन्हा भरलं. तेव्हापासून दर वर्षी जांभळं पिकली की घरातला कर्ता पुरुष ते भरतो. बायकांनी भरायचं नाही, आणि पिंप पुरतं रिकामं कुणीच करायचं नाही.

"म्हणजे पणजोबाच्या लग्नातला थेंब अजून आत आहे?"

"तेच्या लग्नातलो नाय. तेच्या भयणीच्या," सांतान म्हणाला. "ती लग्नाच्या दुसऱ्या वर्सा गेली."

कसाल

कसालला मालवणची गाडी धरायची होती. बाजारातल्या हॉटेलात चहा आणि कांदाभजी घेतली. भजी आमच्याकडच्यासारखीच, पण खोबरेल तेलात तळलेली. पहिल्या घासाला मला आपण कुणाचं डोकं खातो आहोत असं वाटलं, तिसऱ्या घासाला मी आणखी एक बशी मागवली.

तिथे सांतानने मला का आणलं ते बाहेर आलं.

त्याचा थोरला भाऊ कायतान बोटीवर काम करायचा. शेवटच्या खेपेला तो बोट धरायला गोव्यात गेला आणि मागून पोर्तुगिजांच्या गोव्याची हद्द बंद झाली. पत्र नाही, निरोप नाही, बोट कुठली तेही कुणाला ठाऊक नाही. त्याला तीन-चार वर्षं होऊन गेली. कायतानची बायको रोजालीन काळे कपडे घालत नाही आणि मृतासाठी चर्चमध्ये करतात ती मिसा पाद्र्याला करू देत नाही.

"कित्याक, माहीत आसा? पिंप बोलता."

मला वाटलं, भजीबरोबर याने आणखी काही घेतलं की काय. पण तो अगदी गंभीर होता. "जांभळां पिकली काय बोलूक लागता. वैनी दुपारच्याक कान लावन बसता. पिंप बोलता तवसर तो जिवंत, असां म्हणता. भाऊ, तुमी एकच करा. चाखलात काय सांगा, आंबलो म्हणान. सोरो मेलो म्हणान. तुमी जाणकार, तुमचां ती आयकतली. मगे मिसा करूक येता, आनी वैनी सुटता."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "सांतान, माझी जीभ भाड्याने मिळत नाही. आंबली असेल तर आंबली म्हणेन, नसेल तर नाही."

तो कपाकडे बघत राहिला. त्याच्या बोटांच्या पेरांत आणि नखांत निळं-जांभळं काहीतरी बसलं होतं. आंब्याच्या पेट्यांवर नावं घालतात त्याची शाई असेल, असं मला तेव्हा वाटलं.

तारकर्ली

तारकर्लीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माडांची रांग आणि पांढरी वाळू. आमच्याकडे गाव म्हटलं की चावडी, पार, पारावर चार रिकामटेकडे. इथे घरं एकमेकांपासून अशी लांब लांब, की जणू सगळ्यांचं भांडण झालं आहे. सांतानचं घर चिऱ्याचं, कौलारू. अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी चुना लावलेला खुरीस, म्हणजे दगडी क्रूस, आणि त्याच्या पायाशी माती गर्द काळसर.

रोजालीनबाई फुलाफुलांच्या झग्यात पायरीवर उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने सडपातळ, बोलण्यात मिस्कील.

"नाशकाक समुद्र नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मगे दुपारच्याक तुमी बघतात तरी काय?"

मी म्हणालो, "आम्ही झोपतो." त्या हसल्या. ही बाई एका पिंपाला कान लावून नवऱ्याची वाट बघत असेल यावर माझा विश्वास बसेना.

रात्रीच्या जेवणात तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं, तांदळाची भाकरी आणि आमसुलाची कढी होती. आम्ही बाजरीवाले, तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं मी समजत होतो. तो समज शिंपल्यांच्या ढिगाखाली गाडला गेला. पिंपाचा विषय कुणी काढला नाही. एवढंच, की पिंप होतं त्या कोठीच्या खोलीचं दार जेवणघरातच उघडत होतं आणि सांतान सबंध वेळ त्या दाराकडे पाठ करून बसला.

दुपार

वाचकहो, रात्रीला उगीच बदनाम केलं आहे. रात्री माणसाला दिसत नाही म्हणून तो भितो, पण तारकर्लीच्या दुपारी सगळं दिसतं आणि काहीच हलत नाही. वारा पडलेला, माडाच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या, कावळेसुद्धा गप्प. किनाऱ्यावर जाळी वाळत होती पण माणसं नव्हती. समुद्राचा आवाजही तेवढ्या वेळापुरता कुणीतरी बंद केल्यासारखा. मी ओटीवर पडलो होतो आणि मला चक्क आपल्या गावच्या रिकामटेकड्यांची आठवण येत होती.

"येवा भाऊ," रोजालीनबाईंनी आतून हाक मारली. "सुरू झाला."

कोठीत अंधार आणि गारवा होता. तांदळाची कणगी, सुकवलेली आमसुलं, आणि कोपऱ्यात दोन दगडांवर आडवं ठेवलेलं ते पिंप. लाकूड काळं पडलेलं, लोखंडी पट्ट्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या. बाई बुटक्या पाटावर बसल्या आणि त्यांनी पिंपाला कान लावला. सांतान दारातच थांबला. मग त्यांनी मला जागा करून दिली.

मी कान लावला. आधी काहीच नाही. मग आत, खूप आत, पलीकडच्या खोलीत माणसं दबक्या आवाजात बोलत असावीत तसं काहीतरी. एकदम थांबे, पुन्हा सुरू होई. शब्द कळत नव्हते, पण शब्द असावेत असं वाटत होतं.

तो आवाज काय आहे हे मला लगेच कळलं. गोड रस आंबत असताना बारीक बुडबुडे वर येतात, त्यांचा तो आवाज. मी तो उमेदीची वर्षं ऐकला आहे. पण जुनी, मुरलेली वाइन असा आवाज करत नाही. त्यात कुणीतरी नुकताच नवा रस घातला असेल तरच करते. आणि भरायचा हक्क ज्याचा, तो कर्ता पुरुष तर बेपत्ता होता. एवढं सगळं मला कळलं होतं, तरी माझ्या हातावरचे केस उभे ते उभेच राहिले. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

"आयकलात?" बाई म्हणाल्या. "आता चाखा."

त्यांनी तोटी किंचित फिरवून एक बुटका काचेचा पेला भरला. दाराच्या उजेडात धरला तर मध्ये जवळजवळ काळा आणि कडेला विटकरी. वासात पहिल्यांदा जुनं लाकूड, मग मनुका, मग ओल्या मडक्याचा वास. घोट घेतला आणि मी सांतानला, त्याच्या पणजोबाला आणि स्वतःच्या भीतीलाही विसरलो. ही आमच्या काळ्या मातीतली द्राक्षं नव्हती. आमची द्राक्षं पाण्यावर वाढलेली, गोड, गुबगुबीत. ही जाड सालीची, तहानलेली, तापलेल्या दगडात मुळं घातलेली. जीभ आवळून धरणारा कोरडेपणा त्या सालीचा. त्याच्यावर जांभळाचा तुरटपणा असा बसला होता की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळू नये. आणि सगळ्याच्या शेवटी, घसा उतरून गेल्यावर, एक खारट चव, ओठ फुटल्यावर येते तशी. त्यातही वर तरंगणारा नव्या जांभळाचा कच्चा गोडवा मला वेगळा कळला. यंदाचा. फार तर आठवड्याभरातला.

आता आमच्याकडे पानात काही टाकलं तर पाठीत धपाटा मिळतो. दिलेलं संपवावं, ही आमची रीत. मी पेला तळापर्यंत रिकामा केला आणि किती आवडलं हे दिसावं म्हणून पालथा करून दाखवला.

रोजालीनबाईंचा हात गळ्यातल्या क्रूसावर गेला. सांतान दारातून दोन पावलं आत आला.

"सगळो पियालात?"

"हो. का?"

"भाऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या पिंपातलो अर्दोच पियाचो. अर्दो परत आत घालूचो. घरातसून जो कोण लांब जाता, तो असोच जाता. मगे ऱ्हवलेलो अर्दो पियाक तेका परत येवचाच लागता."

"आणि जो परत येत नाही?"

"मेलो म्हणान कळला, काय तेचो अर्दो काढून खुरसाच्या पायाकडे ओतूचो. तवसर तो हयसरच ऱ्हवता."

अंगणातल्या त्या काळसर मातीचा अर्थ मला तेव्हा कळला. आणि दुसराही एक अर्थ कळला तसा मी पेला खाली ठेवला. चार पिढ्या बोटीवर गेलेल्या, मुंबईला गेलेल्या, कुठेकुठे गेलेल्या माणसांची उष्टी दारू मी आत्ता मिटक्या मारत प्यायलो होतो. जन्मभर दुसऱ्याच्या भांड्याला तोंड न लावणारा मी.

"तुमच्या पोटात आता कोणकोण इले, देवाक ठाऊक," सांतान म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

बाईंनी त्याला गप्प केलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "तां ऱ्हवांदे. तुमी जाणकार. सांगा, जिवंत आसा?"

मी सांतानकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. एक शब्द बोललो असतो तर त्याचं काम झालं असतं. आणि नवा रस कुणीतरी घातला आहे हे सांगितलं असतं तर बाईंची सगळी आशा तिथल्या तिथे संपली असती. त्यांनी विचारलं होतं तेवढंच उत्तर मी दिलं.

"जिवंत आहे."

मला वाटलं होतं त्या रडतील, हसतील, निदान देवाचं नाव घेतील. तसं काही झालं नाही. त्यांनी सावकाश वळून सांतानकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. सांतानचे खांदे खाली आले, डोळे भरले, आणि तो झटकन बाहेर गेला.

तिन्हीसांजेला मी त्याला परड्यात गाठलं. जांभळाच्या झाडाखाली जमीन फळांनी माखली होती आणि कुंपणाशी गवताआड एक मडकं उपडं ठेवलं होतं. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि उलटे केले. मनगटापर्यंत जांभळे. ती शाई नव्हती.

"मला सांगतोस, सोरो मेला म्हणा. आणि दर वर्षी तूच नवा रस घालून जिवंत ठेवतोस? कोणता खेळ चालवला आहेस तू?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तोंड म्हणता, मेलो. हात आयकनत नाय, भाऊ." आणि माझ्या हातांतून हात सोडवून तो मडकं घेऊन विहिरीकडे गेला.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी सांतान माझी पिशवी घेऊन बैलगाडीपाशी पुढे गेला. रोजालीनबाईंनी मला थांबवलं. "असां जावक देवचंय नाय तुमका. काल तुमी काय ठेवलात नाय."

त्यांनी पुन्हा पेला भरला. आदल्या दिवशी शिसारी आली होती, तरी मी मुकाट्याने अर्धा प्यालो आणि उरलेला, माझा उष्टा, वरच्या भोकातून पिंपात ओतला. तो आत पडल्याचा आवाज आला, आणि आतलं बोलणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. बुडबुडेच ते. मी स्वतःला तसं सांगितलं.

बाई मला माडांच्या वाटेने सोडायला आल्या. गाडी दिसू लागली तेव्हा त्या थांबल्या.

"सांतानाचे हात माका दिसनत नाय, असां तुमका वाटता?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. "म्हणजे रस तो घालतो हे तुम्हाला..."

"पयल्यापासून ठाऊक आसा."

"मग तुम्ही रोज कान लावून..."

"तेच्यासाठी. मी नाय बसलंय तर तेका रडाचा लागतला. एकदा तो रडलो काय तेचो भाव मेलो. अजून तेच्याकडसून होणा नाय तां." वाटेवर पडलेली झावळ त्यांनी पायाने बाजूला सारली. "म्हणान तुमका आणल्यान तेणा. तुमी सांगितलां असतां तर सुटलो असतो. पण तुमी खरांच सांगितलात."

मी म्हणालो, "म्हणजे कायतान नाही, हे तुम्ही धरून चालला आहात?"

"धरून नाय. माका माहीत आसा." त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका साधा होता. "पयल्या वर्सा सांतान मुंबैक होतो. पावस पडासर घराक इलो नाय. पिंपात कोणी थेंब घालूक नाय. एक दिवस दुपारची मी कोठीत तांदूळ काढूक गेलंय, तेवा आयकलंय. तां बोलणा नव्हतां, भाऊ. तो घुटको होतो. एक. मगे दुसरो. माका माज्या घोवाचो घुटको वळाकता. इलो, आपलो अर्दो पियालो, आनी गेलो. खुरसाकडे ओतूक आता तेचा काय ऱ्हवलाच नाय."

समोरून सांतानने हात केला, गाडी निघत होती. बाईंनी त्याला हसून हात केला आणि मला म्हणाल्या, "जावा. आता पोचतलात."

मी सुखरूप पोचलो. नाशिकला जांभळांची टोपली घेऊन कुणी दारात आलं की मी आत निघून जातो. घरचे हसतात. द्राक्षाची जाण पूर्वीसारखीच आहे, फक्त फुशारकी मारायची सोडली आहे. भर दुपारी कधीकधी, काही खाल्लं-प्यायलं नसताना, घशाशी ती खारट चव येते.

माझा अर्धा पेला तिथे आहे आणि तो प्यायला मला जावंच लागणार आहे. मी कायतानसारखा नाही, एसटीनेच जाणार, असं मी घरी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगून ठेवलं आहे.